ऑपरेटरबाई आणि त्यांचा अर्जंट

बाई कुत्र्याला 'अहो' म्हणायच्या आणि मला 'अरे'. कुत्रा रस्त्यावरचा होता आणि मी विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातल्या एका तीन मजली, चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पण बाईंच्या दरबारात मानाचा क्रम हा असाच होता. "अहो अर्जंट, आपण जरा बाजूला सरता का? या सेक्रेटरीला आत येऊ द्या. ये रे, चपला बाहेर काढ." मी निमूट चपला काढायचो आणि अर्जंट माझ्याकडे बघत बघत, सावकाश, मला जागा करून द्यायचा.

सेक्रेटरी मी कसा झालो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणाच्या फार अपेक्षा राहणार नाहीत. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. एवढ्या दोन गुणांवर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी चोवीस घरांची गळती, टँकरचं पाणी आणि जिन्यातली भांडणं माझ्या गळ्यात आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न नवीन होतं. बायको म्हणायची, "सोसायटीच्या इतिवृत्तात जेवढं लिहिता, तेवढं माझ्याशी बोललात तरी पुरे."

बाई तळमजल्यावर, एका खोली-किचनच्या घरात एकट्या राहायच्या. फोर्टातल्या एका कंपनीत चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. रिटायर झाल्यावर फंडातून हे घर घेतलं. उंची जेमतेम पाच फूट, चष्मा जाड, केस बारीक कापलेले, आणि आवाज मात्र असा की तळमजल्यावरून त्यांनी साधं "कोण आहे?" विचारलं तरी तिसऱ्या मजल्यावरचा माणूस आपलं नाव सांगून मोकळा व्हायचा. लग्न केलं नव्हतं. कुणी भोचकपणे विचारलंच तर, "आला होता एक फोन, पण मी ड्यूटीवर होते," एवढंच सांगायच्या. यापुढं विचारायची कुणाची छाती नव्हती.

गुडघे गेले होते. चार वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या. गच्चीवर पूजा असो की हळदीकुंकू, प्रसाद खाली जायचा, बाई वर यायच्या नाहीत. साखरही होती. दिवसभर कॉटवर बसून टीव्ही बघायचा, दुपारी शब्दकोडं, आणि संध्याकाळी दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. मला रोज विचारायच्या, "आज उशीर का रे?" माझ्या बायकोच्या आधी.

त्यात हा कुत्रा आला. मनवेलपाड्याच्या नाक्यावर एका रिक्षानं पिल्लाला उडवलं आणि ते कसंबसं फरफटत आमच्या गेटमधून आत येऊन थेट बाईंच्या खुर्चीखाली शिरलं. बाईंनी त्याला साडीच्या खोक्यात घालून वसईच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मागच्या पायाला प्लास्टर झालं, पाय जुळला, पण किंचित वाकडा. रंग गुळासारखा, एक कान उभा, एक पडलेला. पूर्वी बाहेरगावी बोलायचं तर ट्रंककॉल बुक करावा लागे. साधा कॉल तास न् तास लागायचा नाही, घाईवाले दुप्पट पैसे भरून अर्जंट लावायचे. "हे आपले कुठंही न थांबता सरळ आत आले," बाई म्हणाल्या, "म्हणजे अर्जंटच."

आता खरं सांगायचं तर पहिलं दीड वर्ष अर्जंटनं आम्हाला जगू दिलं नाही. सकाळी सहाला पहिल्या कुकरची शिट्टी झाली की हा भुंकायला लागे, आणि चोवीस घरांत मिळून कुकर किती आणि शिट्ट्या किती याचा हिशेब तुम्हीच करा. टँकर आला की त्याला वाटायचं ती रिक्षाच मोठी होऊन परत आलीय. टँकरवाला काचा वर करून आत बसून राही आणि खाली बायका हंडे घेऊन ओरडत. त्यानं फाडली कुणाची पायपुसणी, चावली कुणाची बॅडमिंटनची रॅकेट, आणि एकदा तर अध्यक्षांची कोल्हापुरी, नवीकोरी, डाव्या पायाची.

अध्यक्ष म्हणजे सरकारी खात्यातले हेडक्लार्क, मूळचे मालवणकडचे, पन्नाशी पार केलेले, टापटीप गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. पण लहानपणी त्यांना पिसाळलेला कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्या चौदा इंजेक्शनांची हकीकत सोसायटीत सगळ्यांना पाठ होती. कुत्रा दिसला की त्यांचा हात आपोआप पोटावर जायचा. त्यांनीच आधी बाटल्यांचा उपाय केला. नीळ घातलेलं पाणी बाटलीत भरून दाराशी ठेवलं की कुत्रं फिरकत नाही, असं तेव्हा घरोघरी मानायचे; अर्ध्या विरारच्या उंबऱ्यांवर निळ्या बाटल्या दिसायच्या. अध्यक्षांनी गेटपासून जिन्यापर्यंत भिंतीलगत बारा बाटल्या ओळीनं मांडल्या. अर्जंटनं त्यांतली पहिली हुंगली, आणि मग प्रत्येकीवर आपली सही करत शेवटपर्यंत गेला.

मग व्हायचं तेच झालं. डिसेंबरात खाली आवारात मीटिंग बोलावली गेली. 'तळमजल्यावरील कुत्रा महिन्याभरात सोसायटीच्या आवाराबाहेर न्यावा.' अध्यक्षांनी ठराव मांडला, भराभर हात वर झाले. सगळ्यांनी केला म्हणून मीही केला. बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी फक्त चष्मा सारखा करून एकेक हात नीट बघून घेतला, आणि माझ्या हातापाशी जरा जास्त थांबल्या.

नोटीस घेऊन दुसऱ्या दिवशी मीच गेलो. अक्षर माझंच ना! बाईंनी ती वाचली, घडी घातली, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली.

"कधीपर्यंत?"

"सव्वीस जानेवारीला पूजा आहे, त्याच दिवशी जेवणानंतर मीटिंग. तेव्हा शेवटचं ठरेल," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"बरं. तोवर होल्ड कर." मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. ते गेले तर मीही इथं राहायची नाही. भुईगावात माझी एक मैत्रीण आहे, टेलिफोन बोर्डावर माझ्या शेजारी बसायची. तिच्या पडवीत दोघं पडून राहू. ती नाही म्हणणार नाही. पण या वयात दुसऱ्याच्या पडवीत... तूच सांग."

कॉटखाली निळी रेक्झिनची बॅग भरून ठेवलेली मला दिसत होती. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती जेवता जेवता थांबली. "तुम्ही हात वर केलात?" मला जेव्हा ती अशी सावकाश 'तुम्ही' म्हणते, तेव्हा त्या दिवशी भाजीत मीठ नसलं तरी मागायचं नसतं.

पण बाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. केबलवर दुपारी प्राण्यांचा कुठला तरी परदेशी चॅनेल लागायचा. त्यावर त्यांनी कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती पाहिल्या. गोरे लोक हिरव्यागार मैदानात धावताहेत आणि त्यांची कुत्री दांड्यांवरून उड्या मारताहेत, बोगद्यातून निघताहेत, काठ्यांमधून नागमोडी जाताहेत. इंग्रजी त्यांना चांगलं यायचं, आयुष्यभर साहेबांचे फोन जोडलेले. तीन दुपारी त्या वही घेऊन टीव्हीसमोर बसल्या आणि चौथ्या दिवशी मला हाक आली.

"अरे सेक्रेटरी, कुत्रा भुंकतो कशाला?"

"सवय..."

"सवय नाही, बेकारी. तुला महिनाभर रजा देऊन घरात कोंडलं तर तू काय करशील? बायकोला विचार. त्यांच्या डोक्याला काम नाही म्हणून ते तोंडाला काम देतात. मी आता त्यांना नोकरी लावणार."

ही नोकरी त्या दहा बाय बाराच्या खोलीत लागली. मैदान नाही, सामान नाही. तुपाच्या दोन डब्यांवर आडवा झाडू, ही उडी. माझ्या बायकोनं माझ्या नकळत आमच्या नव्या वॉशिंग मशिनचं खोकं खाली पोचवलं, दोन्ही बाजू उघडल्या, हा बोगदा. वरवंट्यावर फळी ठेवली, हा डुलणारा पूल. पाय घसरू नयेत म्हणून फळीला गोणपाट गुंडाळलं. आणि शेवटी जेवायला बसायचा लाकडी पाट. सगळं करून झालं की अर्जंटनं पाटावर बसायचं आणि बाईंकडे बघायचं. तिथं काम संपलं. बक्षीस म्हणून सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा, जो त्या चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायच्या. त्या दिवसांत बाईंनी डबी उघडून चष्मा पुसायचं फडकं काढलं की समोरचा माणूस दोन पावलं मागं सरायचा.

हुकूम सगळे टेलिफोनचे. 'होल्ड' म्हणजे हलायचं नाही. 'बोला' म्हणजे सुटायचं. 'पुढची लाईन' म्हणजे पुढचा अडथळा. चुकला तर रागावणं नाही. "राँग नंबर. पुन्हा लावू," एवढंच. मी म्हटलं, "बाई, एक फटका दिला तर लवकर शिकेल." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी आपणहून "राँग नंबर" म्हणालो.

घाई मात्र कशाचीच नाही. पहिला आठवडाभर झाडू जमिनीवरच. नुसता ओलांडायचा. "त्यांचा पाय मोडलेला आहे, मनसुद्धा मोडलेलं आहे. दोन्ही हळूहळू चालवायचं." एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून चारदा, आणि जमलं की तिथंच थांबायचं. "जमल्यावर थांबलं की उद्या हौसेनं येतात. दमल्यावर थांबलं की उद्या कॉटखाली लपतात." फळीचं एक टोक धाडकन खाली आपटलं तेव्हा अर्जंट पहिल्यांदा किंचाळून स्वयंपाकघरात पळाला होता. बाईंनी मग फळीखाली गादी घातली, आवाज मऊ केला, आणि रोज गादी थोडी थोडी बाजूला सरकवली. पंधरा दिवसांनी फळी आपटली तरी तो तिच्यावर उभा राहून कान हलवायचा. त्याच आठवड्यात एका सकाळी बायको म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हटलं, "काय? काहीच ऐकू येत नाही." "तेच म्हणतेय. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या."

नागमोडी चालीसाठी काठ्या रोवायला जमीन नव्हती. बाईंनी अध्यक्षांच्या बाटल्या कामाला लावल्या. प्रत्येक दोन बाटल्यांत अर्जंटच्या लांबीएवढं अंतर ठेवून त्या पुन्हा मांडल्या आणि बोंबील त्याच्या नाकापुढं धरून, वाकून, उलट्या पावली, डावीकडून उजवीकडून त्याला काढायला लागल्या. ऑफिसातून परतताना रोज हे दृश्य. ज्या बाई खुर्चीतून उठायला दोन मिनिटं घ्यायच्या, त्या वाकून उलट्या चालत होत्या!

अध्यक्ष संतापले. "सोसायटीच्या मालमत्तेला हात लावायचा नाही! त्या बाटल्या कुत्र्यासाठी ठेवल्या आहेत."

"मग कुत्र्यासाठीच वापरतेय की," बाई म्हणाल्या.

टँकरच्या दिवशी तर आणखी गंमत. टँकर यायच्या तासभर आधी बायका आपापले हंडे-बादल्या ओळीत मांडून वर निघून जायच्या. नंबर हंड्याचा लागायचा, माणसाचा नाही. ती पन्नास भांड्यांची रांग बाईंनी पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले. "अहो, बोला!" अर्जंट सुटला तो पहिल्या हंड्यापासून शेवटच्या बादलीपर्यंत, डावीकडून, उजवीकडून, एका भांड्याला शेपूट लागलं नाही. तिसऱ्या दिवसापासून बायका टँकरच्या आधी खाली थांबायला लागल्या, हे बघायला. टँकरचा हॉर्न वाजला, अर्जंट थरथरला, पण पळाला नाही. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. "होल्ड," बाई हळूच म्हणाल्या. तो थांबला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा उड्यांचा खेळ नव्हताच. तो जीव आता कुठलीही भीती वाटली की आधी बाईंचं तोंड बघत होता.

डॉक्टरांनी बाईंच्या साखरेची गोळी अर्धी केली. "योगासनं सुरू केलीत का?" त्यांनी विचारलं. "नाही हो, घरात अर्जंट आहे," बाई म्हणाल्या, आणि डॉक्टर बिचारे चप्पल शोधायला लागले.

पुढं काही वर्षांनी बाईंचं नाव झालं आणि लोक आपापली कुत्री घेऊन यायला लागले, तेव्हाची एक गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर राहून जाईल. चंदनसारचे एक बिल्डिंग मटेरियलवाले आले, पोट दोन विटा पुढं, हातात पांढरं पॉमेरेनियन. आल्या आल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तिथून ओरडायला लागले, "जंप! जंप!" कुत्रं ढिम्म.

"खुर्ची शिकतेय की कुत्रा?" बाईंनी विचारलं. "उठा. त्यांना बोगदा दाखवायचा तर आधी तुम्ही आत जा."

बोगदा तेव्हा पाण्याच्या जुन्या ड्रमचा होता, तळ कापलेला. गृहस्थ भिडस्त निघाले, शिरले आत, आणि मध्यावर अडकले. मागून आम्ही ढकलतोय, पुढून हात ओढतोय. एवढ्यात ते पॉमेरेनियन दुसऱ्या तोंडानं आत घुसलं आणि धन्याचं तोंड चाटायला लागलं. हसता हसता त्यांचं पोट हललं आणि ते सुटले. बाहेर आल्यावर घामाघूम होऊन म्हणाले, "मावशी, दोन वर्षांत हा पहिल्यांदा माझ्याजवळ आपणहून आला." बाई म्हणाल्या, "दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदा त्यांच्या उंचीवर आलात. खुर्चीत बसून कुणी कुणाचं होत नाही."

असो. मी सांगत होतो सव्वीस जानेवारीचं.

महिना संपला होता. अर्जंट भुंकत नव्हता, काही फाडत नव्हता, पण अध्यक्ष हटायला तयार नव्हते. "महिनाभर नाटक चाललंय. उद्या पोराबाळांना चावला तर जबाबदार कोण?" आणि त्यांचा हात पोटावर. सात-आठ घरं त्यांच्या बाजूची होती, बाकीचे मान डोलवणारे. जो शेवटी बोलेल त्याच्याकडे झुकणारे. बाई सकाळपासून घरातच होत्या. दार लोटलेलं. मी प्रसाद द्यायला गेलो तेव्हा निळी बॅग कॉटखालून निघून दाराशी आली होती.

"बाई, अजून मीटिंग व्हायचीय," मी म्हटलं.

"ऐनवेळी धावपळ नको," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा लहान वाटला. मी इतका गडबडलो की निघताना दार नीट ओढून घ्यायचं विसरलो.

गच्चीवर पंगत बसली होती. सतरंज्यांवर गच्चीभर एकच लांब रांग, पत्रावळी मांडलेल्या, प्रत्येक पत्रावळीपुढं पाण्याचा भरलेला पेला. पूजेला अध्यक्ष बसले होते, म्हणून सोवळ्यातच, एका टोकाला, पाटावर. त्यांची म्हातारी आई शेजारी. वाढपी वरणभात घेऊन निघाले, आणि जिन्याच्या दारातून अर्जंट आत आला.

आला तसा थबकला. समोर काय दिसलं त्याला? सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, चाळीस पेले. आणि त्या रेषेच्या शेवटी एक पाट. महिनाभर जे शिकवलं होतं ते सगळं कुणीतरी मोठ्या प्रेमानं त्याच्यासाठी मांडून ठेवलं होतं.

अध्यक्ष ओरडले, "हाकला! हाकला त्याला!" दोघं-तिघं उठायला लागले. तेवढ्यात जिन्यातून तो आवाज आला.

"कुणी हलायचं नाही! हललात तर ते चुकतील!"

सगळी पंगत जागच्या जागी थिजली. एकाचा घास तोंडाजवळ, वाढप्याचा डाव हवेत. अर्जंट निघाला. पहिला पेला डावीकडून, दुसरा उजवीकडून. शिऱ्याच्या मुदींवरून, पुरीच्या वासावरून, लोकांच्या गुडघ्यांना न शिवता, वाकड्या पायानं सुद्धा असा लयीत की गच्चीवर फक्त त्याच्या नखांचा आवाज. चाळिसावा पेला ओलांडून तो पाटापाशी पोचला. पाटावर अध्यक्ष. त्यानं क्षणभर विचार केला आणि पुढचे दोन पाय पाटाच्या कडेवर, अध्यक्षांच्या मांडीला लागून, अदबीनं टेकवले. काम संपलं. मान वळवून दाराकडे बघायला लागला.

अध्यक्षांचा हात पोटावर गेला होता. त्यांची आई मात्र वाकून एकेक पेला बघत होती. "कुत्रो गेलो, पण एक पेलो हललो नाय गो बाय!" म्हातारी म्हणाली. "आमचे नातू असते तर सगळी पंगत भिजली असती."

हशा उसळला. आणि त्या हशात माझ्या लक्षात आलं की बाई गच्चीच्या दारात उभ्या आहेत. तीन मजले चढून. चौकटीला हात टेकून, धापा टाकत, पण उभ्या. माझ्या बायकोनं धावत जाऊन त्यांना धरलं, तर म्हणाल्या, "सोड गं, मला काही होत नाहीये." आणि मग चकित होऊन स्वतःच्याच पायांकडे बघत राहिल्या.

जेवणं झाली. सतरंज्यांवरच मीटिंग सुरू झाली. अध्यक्षांनी चेहरा पुसला, कागद घेतला. हट्टी माणूस! "झालं ते झालं. पण ठराव ठराव आहे. कुत्रा आवाराबाहेर काढावा, या बाजूनं ज्यांचं मत आहे, त्यांनी हात वर करावेत." आणि सगळ्यांत आधी स्वतःचा हात वर केला. पाठोपाठ आणखी सात. मी मोजायला उभा राहिलो. मान डोलवणारे इकडंतिकडं बघत होते, आणि दोन हात अर्धवट उचललेही गेले होते.

अर्जंट तेव्हा बाईंच्या शेजारी होता. हात वर झालेले दिसताच तो उठला, चालत मधोमध आला आणि ताठ बसला. कान एक उभा, एक पडलेला. तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे बघत होता आणि वाट बघत होता.

"हे काय चाललंय?" कुणीतरी विचारलं.

बाई म्हणाल्या, "लांबून आवाज पोचत नाही तेव्हा मी हात वर करते. हात वर म्हणजे बसा. त्यांना वाटतंय, तुम्ही सगळ्यांनी त्यांना बसायला सांगितलंय."

पहिला हात दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांचा खाली आला. मग त्यांच्या शेजारचा. अर्धवट उचललेले दोन कधी खाली गेले ते कळलंच नाही. एकेक हात खाली येत होता आणि अर्जंट उरलेल्यांकडे वळत होता, वळत वळत शेवटी अध्यक्षांसमोर आला. तिथं, हातभर अंतरावर, त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिला. ना भुंकला, ना हलला. शेपूट तेवढं एकदा सतरंजीवर आपटलं.

अध्यक्षांचा एक हात वर, दुसरा पोटावर. कपाळावर घाम. हात दुखायला लागला होता. "अहो, याला उठायला सांगा ना कुणीतरी!" ते शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही हात खाली घ्या. मग ते उठतील."

चौदा इंजेक्शनं घेतलेल्या त्या माणसानं डोळे मिटले आणि हात हळूहळू खाली आणला. अर्जंट उठला, अंग झाडलं आणि वळून बाईंकडे गेला. अध्यक्षांनी डोळे उघडले, आधी पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाजूनं किती ते लिहा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"शून्य," मी म्हटलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले होते, पोरं अर्जंटला शिरा भरवायला धावली होती. बाई मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. महिनाभर ज्यांनी एकदाही विनवणी केली नाही, एकदाही डोळ्यांत पाणी आणलं नाही, त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मी जवळ गेलो. डिसेंबरातला माझा हात अजून वरच आहे, असं वाटत होतं, आणि मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं. चोवीस घरांना दटावणाऱ्या त्या आवाजात त्यांनी मला, सेक्रेटरीला, अगदी हळूच विचारलं:

"मग आम्ही घरी जाऊ आता?"